बुटीबोरीत ऑफिस आणि गोदाम जोडताना: फायबर की वायरलेस?

बुटीबोरी एमआयडीसीत ऑफिस एकीकडे आणि गोदाम रस्त्यापलीकडे असेल, तर दोन पर्याय असतात: जमिनीखालून ऑप्टिकल फायबर, किंवा दोन्ही छतांवर समोरासमोर अँटेना.

वायरलेस लवकर उभं राहतं, खोदाई लागत नाही. पण हवा सगळ्यांची. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या कारखान्यांचे राउटर सुरू झाले की गर्दी झालीच. ५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त, पण मध्ये झाडाची फांदी आली तरी सिग्नल पडतो. शिवाय तो कुंपणाबाहेरही जातो. त्यामुळे डब्ल्यूपीए३ (वाय-फायचं सुरक्षा मानक) आणि लांबलचक पासवर्डला पर्याय नाही. मुद्दाम जॅमर (सिग्नल दाबणारं यंत्र) लावणाऱ्याला मात्र पासवर्ड अडवत नाही.

फायबरमध्ये काचेतून प्रकाश जातो, त्यामुळे वेल्डिंग मशीन, मोटारी, हाय टेन्शन लाइन यांचा त्रास शून्य. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या केबलमधून झटका थेट नेटवर्क स्विचपर्यंत येतो. धातू नसलेल्या फायबरमधून येत नाही. म्हणून केबल घेताना धातूचं कवच नसलेलीच मागा. केबल वाकवून प्रकाश चोरता येतो, तेव्हा एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून पाठवणं, इथेही हवंच.

फायबरला खरी भीती जेसीबीची. तरीही मी फायबरच टाकीन, वायरलेस बॅकअपला ठेवीन.