बदकाची अंडी: खुडूक कोंबडीखाली की मशीनमध्ये?

दारात पाच-सहा बदकं आहेत, सकाळी खुराडं उघडलं की तीन-चार अंडी मिळतात, आणि आता पिल्लं काढायची हौस आलीय. मग पहिला प्रश्न हाच पडतो: इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन घ्यायचं, की वाडीतली एखादी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी मागून आणायची? कुडाळजवळच्या आमच्या गावात मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हीकडे अंडी नासवलीयत.

बदक स्वतः का बसत नाही, असं कुणीही विचारतं. आपल्याकडे जास्त दिसणारं खाकी कॅम्पबेल हे अंड्यांसाठीच घडवलेलं इंग्रजी बदक. चांगली मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते, पण त्या निवडीत बसण्याची ओढ जवळजवळ संपली. पांढऱ्या पेकिनचंही तेच. तोंडावर लाल खडबडीत मांस असलेलं मस्कोव्ही मात्र मन लावून बसतं. ते तुमच्याकडे असेल तर मशीनचा विचार सोडा, तिलाच बसू द्या. फक्त तिच्या अंड्यांना ३३ ते ३५ दिवस लागतात, बाकीच्यांना २८.

आमची आत्या मशीन बघून एवढंच म्हणाली, "ह्या कित्याक? खुडूक कोंबडी आसा मगे, बसय तिका." दहाच्या आत अंडी असतील तर तिचं बरोबर आहे, हे मला साडेपाच हजार घालवल्यावर पटलं.

गावठी कोंबडी स्वतःची बारा-पंधरा अंडी सहज झाकते, बदकाची मात्र आठ-दहाच. त्याहून जास्त घातली की कडेची गार पडतात, ती आत सरकवताना दुसरी कडेला जातात आणि सगळीच अर्धवट उबतात. बाकी सगळं ती न शिकवता करते. दिवसात कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते आणि दाणापाण्याला पंधरा-वीस मिनिटं उठते तेवढी अंडी निवतात. बदकाच्या अंड्याला ते चालतं. मशीनवाल्यांना आठव्या-दहाव्या दिवसापासून रोज झाकण उघडून, कोमट पाणी फवारून हेच मुद्दाम करावं लागतं.

अडचण येते एकविसाव्या दिवशी. कोंबडीच्या हिशोबाने रवण, म्हणजे उबवणीची पाळी, संपलेली असते आणि खाली तर काहीच हलत नाही. बऱ्याच कोंबड्या पुढचा आठवडा नेटाने काढतात, पण एखादी उठते ती उठतेच. म्हणून पहिलटकरीण नको, आधी एक-दोनदा पिल्लं काढलेली कोंबडी घ्या आणि बसवण्याआधी तिच्या पिसवांचा बंदोबस्त करा. पिसवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी टाकून जाते. टोपली मुंगसाच्या आणि नागाच्या वाटेवर ठेवू नका, एवढं कोकणात सांगायला नको.

आता मशीन. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश सेल्सिअस लावायचं. मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच टप्प्यात चालतो, तो आत ठेवून ताडून बघा. खोक्यावर लिहिलेली ४८ अंड्यांची क्षमता कोंबडीच्या अंड्यांची असते. बदकाचं अंडं ६५ ते ८० ग्रॅमचं, त्यामुळे ते खाचेत बसत नाही किंवा फिरताना अडकतं. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये २१ दिवसांचीच मोजणी भरलेली असते आणि अठराव्या दिवसानंतर अंडी फिरणं बंद होतं. बदकासाठी ते पंचविसाव्या दिवशी बंद व्हायला हवं. घेण्याआधी एवढा एकच प्रश्न विचारा: दिवस बदलता येतात का?

पण माझी पहिली खेप यातल्या कशानेच गेली नाही. ती गेली पाण्याने. जुलै महिना, बाहेर धो धो. पुस्तिकेत लिहिलं होतं पाण्याची खाच भरून ठेवा, मी इमानदारीने भरत राहिले. अठ्ठावीस दिवस झाले, तीस झाले, काही नाही. शेवटी एक फोडलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू, पिसं आलेली, आणि अंड्यात अजून चिकट पाणी. पुढची सातही तशीच.

कारण साधं आहे. अंड्याच्या बोथट टोकाला हवेचा कप्पा असतो. कवचातून पाणी उडत जातं तसा तो मोठा होतो आणि कवच फोडायच्या आधी पिल्लू पहिला श्वास त्यातच घेतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १३-१४ टक्के उतरायला हवं. म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं ६०-६१ ग्रॅमवर आलं पाहिजे. त्यासाठी मशीनच्या आतली आर्द्रता पंचावन्न टक्क्यांच्या आसपास लागते. आता पावसाळ्यातली आपली हवा घ्या, २७ अंश आणि ९० टक्के. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता पन्नासच्या आसपास येते. खाचेत एक थेंबही न घालता! वर अंड्यांतून उडणारं पाणी आहेच. पुस्तिका लिहिणाऱ्याने आपला आषाढ पाहिलेला नसतो. उलट जानेवारीत २५ अंश आणि ६० टक्के अशी हवा आत जाऊन तिसाच्या आसपास कोरडी होते, तेव्हा पाणी भरायलाच हवं. शेवटच्या तीन दिवसांत मात्र कुठल्याही ऋतूत ती ७० टक्क्यांच्या आसपास वाढवायची, नाहीतर आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो.

आर्द्रता दाखवणारा स्वस्तातला मीटर खोटं बोलतो का, हे मिठाने कळतं. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घ्या, मीटरसोबत बंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. पाकिटातलं बारीक मीठ घ्या, मिठागरातलं खडेमीठ नको. ते पावसात बरणीत पाझरतं ते त्यातल्या दुसऱ्या क्षारांमुळे, आणि त्यांनीच हा हिशोब चुकतो.

थर्माकोलची पेटी, बल्ब आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅटचा छोटा बोर्ड हा तिसरा मार्ग. स्वस्त आहे, उबवतोही. पण दिवसातून निदान तीन-चार वेळा, रोज, हाताने अंडी फिरवायला घरात माणूस हवा. एका बाजूला पेन्सिलीने फुली मारून ठेवायची. कामाला जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

विजेचं काय? खर्च किरकोळ आहे. सरासरी ५० वॅट धरले तरी २८ दिवसांचे तेहेतीस-चौतीस युनिट. प्रश्न लाईट जाण्याचा आहे. दोन-तीन तास गेली तर घाबरू नका, मशीनवर गोधडी टाका. अंडी निवणं परवडतं, ४० अंशांच्या वर तापणं नाही. शेवटच्या दिवसांत मात्र हवेची भोकं झाकू नका, आतल्या पिल्लांना श्वास लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर एवढ्या वॅटला रात्र आरामात निघते. पण २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या गावांनी किती आठवडे अंधारात काढले, ते आठवा. मे-जूनमध्ये फक्त मशीनच्या भरवशावर अंडी लावू नयेत. मे महिन्यात दुसरंही आहे: पत्र्याखालची खोली दुपारी ३७-३८ वर गेली की मशीनला तापवता येतं, गार करता येत नाही.

म्हणून माझं मत असं. आठ-दहा अंडी आणि हाताशी भरवशाची कोंबडी असेल तर तीच. वर्षातून दोन-तीन खेपा, वीस-वीस अंडी काढायची असतील आणि इन्व्हर्टर असेल तर मशीन, तेही दिवाळीनंतर. मी स्वतः आता दोन्ही एकाच संध्याकाळी लावते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर सगळी अंडी बघते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या ती ठेवायची, नितळ दिसली ती बाजूला आणि रक्ताची नुसती रिंग दिसली ती मेलेली. कोंबडीखालची जागा मशीनमधल्या चांगल्या अंड्यांनी भरते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मशीनमध्ये निघालेली पिल्लं सुकली की त्याच रात्री, अंधारात, गुपचूप तिच्या पंखाखाली सरकवते. मग पिल्लांसाठी वेगळा बल्ब लावावा लागत नाही. कवचाला भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत दीड-दोन दिवसही लागतात. तेव्हा मदत म्हणून कवच सोलू नका, आतल्या शिरांत रक्त असतं.

एक गोष्ट मात्र अंडी लावायच्या आधीच धरून चाला. कोंबडी असो की मशीन, निम्मे नर निघतात, आणि पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. फक्त अंड्यांसाठी चार बदकं हवी असतील तर वाढलेल्या माद्याच विकत घ्या, हे सगळं करू नका. नर-मादी ओळखायला दीड-दोन महिने थांबावं लागतं: मादी मोठ्याने क्वॅक करते, नराचा आवाज घसा बसल्यासारखा. आमच्या गेल्या खेपेला नऊ पिल्लं जगली, त्यात सहांचे घसे बसलेले निघाले. दोन आत्याने नेले. उरलेले चार कुणाला हवे असतील तर सांगा.