नवं संगीत शोधायचंय: डाउनलोड की स्ट्रीमिंग?

१९९९मध्ये नॅपस्टर आलं, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरची गाणी उतरवून घेण्याची सेवा. हवं ते गाणं ज्याच्याकडे सापडे, त्याच्या संगणकावरची बाकीची गाणीही चाळता येत. एका गाण्यासाठी जावं आणि अनोळखी माणसाच्या आवडीतून दहा नवे कलाकार सापडावेत, ही खरी क्रांती होती. २००३मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स स्टोअरने ९९ सेंटला सुटं गाणं विकायला काढलं आणि एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घेण्याची सक्ती गेली.

आज निवड करताना एवढंच बघा: तुम्हाला सुचवतंय कोण?

स्ट्रीमिंगमध्ये तुमचं आधीचं ऐकणंच सुचवतं. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' दर सोमवारी ३० गाणी देते. एखाद्या संगीतप्रकाराची नुकतीच ओळख होत असेल तर याहून सोपी वाट नाही. पण झोपताना रोज पावसाचा आवाज लावलात, तर शिफारशींतही तेच झिरपतं. अशा वेळी आधी स्पॉटिफायमधलं 'प्रायव्हेट सेशन' (खासगी ऐकणं) सुरू करा. शिवाय अॅपमधलं 'डाउनलोड' म्हणजे तुमची फाइल नव्हे; ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन आला नाहीत किंवा वर्गणी थांबली, की ते वाजत नाही.

डाउनलोडमध्ये, म्हणजे फाइल विकत घेऊन स्वतःकडे ठेवण्यात, शोध संथ, पण खोल जातो. बॅंडकॅंप या संगीत विकणाऱ्या साइटवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर क्लिक करा, त्या माणसाचा संग्रह उघडतो. तुमच्याशी दोन-तीन अल्बम जुळणारा संग्रह मिळाला की तिथलं अनोळखी नाव आधी ऐका. पैसे मोजून घेतलेलं माणूस दुसऱ्यांदा ऐकतोच, आणि अवघड संगीत उलगडायला ते दुसरं ऐकणं लागतंच. म्हणून प्रकार ओळखीचा झाला असेल तर आमचा कौल डाउनलोडला.

जागेचा हिशोब: चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएस एमपी३मध्ये साधारण १० एमबी, सीडी दर्जाच्या फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) २५ ते ३०. साठवायचं असेल तर फ्लॅक घ्या. त्यातून एमपी३ कधीही करता येते, उलट केल्याने गेलेला दर्जा परत येत नाही.

जुन्या एमपी३मध्ये देवनागरी नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली, तर टॅग (फाइलमध्येच साठवलेली गाण्या-कलाकारांची नावं) युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्या चालणाऱ्या पद्धतीत, नाहीत असं समजा. एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये नावं पुन्हा टाइप करा आणि सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार आयडी३ व्ही २.३, यूटीएफ-१६ (युनिकोडचा एक प्रकार) असा निवडून सेव्ह करा. फ्लॅकचे टॅग मुळातच यूटीएफ-८ या युनिकोडच्याच प्रकारात असतात, तिथे ही कटकट सहसा येत नाही.