सिएनामध्ये आम्हाला विकलेला खोटा प्रवेश परवाना

इटलीतील तोस्काना भागातली जुनी गावे पाहण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे आता भाड्याची गाडी घेऊन स्वतंत्रपणे फिरू लागली आहेत, आणि ते योग्यही आहे, कारण पिएंझासारख्या गावाला रेल्वे स्थानकच नाही आणि तिथे जाणाऱ्या बसगाड्याही मोजक्याच असतात. अशा कुटुंबांसाठी मी हा अनुभव लिहीत आहे. आमची फसवणूक तिथल्याच सिएना या शहरात झाली, पण ती उघडकीस आली आम्ही पुण्याला परतल्यानंतर काही महिन्यांनी, आणि तोपर्यंत ती करणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा उरला नव्हता.

ही फसवणूक समजण्यासाठी तिथली वाहतूक व्यवस्था थोडी माहीत असावी लागते. इटलीतील अनेक ऐतिहासिक गावांच्या गाभ्यात खासगी गाड्यांना मर्यादित प्रवेश असतो. या क्षेत्राला तिथे ‘झेड टी एल’ म्हणतात आणि वेशीवर पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा असलेली पाटी लावलेली असते. अडथळा नसतो, पोलीस नसतो, फक्त कॅमेरा असतो, जो गाडीच्या नंबर प्लेटचे छायाचित्र घेतो आणि तो नंबर परवानगीच्या यादीत नसेल तर दंडाची प्रक्रिया सुरू होते. सिएनाने 1960च्या दशकातच आपल्या मध्यवस्तीतून मोटारी हद्दपार करायला सुरुवात केली होती, आणि पिआझ्झा देल कांपो या शिंपल्याच्या आकाराच्या मुख्य चौकाभोवतीच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्या पाहिल्या की तो निर्णय किती शहाणपणाचा होता हे पटते. माझी तक्रार त्या नियमाविषयी अजिबात नाही. त्या नियमाच्या आडोशाने आम्हाला लुबाडले गेले, त्याविषयी आहे.

आम्ही सिएनाच्या तटबंदीच्या आतले एक घर, घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळावरून घेतले होते. सोबत माझ्या सासूबाई होत्या आणि त्यांना फार चालवत नाही, म्हणून गाडी दारापर्यंत नेता येईल का, असे निघण्यापूर्वीच विचारले होते. घराची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाने व्हॉट्सॲपवर कळवले की पाहुण्यांसाठी परवाना मिळतो, गाडीचा नंबर तो स्वतः नगरपालिकेकडे नोंदवेल आणि त्याचे शुल्क रोज वीस युरो प्रमाणे रोख द्यावे लागेल. यात संशय घ्यावा असे काही नव्हते, कारण ऐतिहासिक भागातील नोंदणीकृत हॉटेले आपल्या पाहुण्यांच्या गाडीचा नंबर खरोखरच अशा रीतीने नोंदवून देतात. पोहोचल्यावर त्याने पैसे घेतले आणि नगराचे चिन्ह छापलेला, आमचा नंबर व तारखा लिहिलेला एक कागद काचेच्या आत ठेवायला दिला. नंतर लक्षात आले की या व्यवस्थेत काचेवरच्या कागदाला काहीही अर्थ नसतो. कॅमेरा कागद वाचत नाही, नंबर प्लेट वाचतो.

त्या कागदाच्या भरवशावर आम्ही मुक्कामभर आत-बाहेर ये-जा केली. सकाळी सान जिमिन्यानोचे ते मध्ययुगीन मनोरे पाहायला गेलो (पूर्वी तिथे सत्तरहून अधिक मनोरे होते, आता 14 उरले आहेत), दुसऱ्या दिवशी पिएंझा, आणि दर संध्याकाळी परत वेशीतून आत. प्रत्येक प्रवेश हा स्वतंत्र नियमभंग धरला जातो. एकदा चूक झाली आणि एकदाच दंड झाला, असे इथे होत नाही.

घरी परतल्यावर आधी क्रेडिट कार्डातून गाडी देणाऱ्या कंपनीने पैसे कापले, तेही प्रत्येक नोटिशीमागे वेगळे. हा दंड नव्हता. आमचे नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दलचे शुल्क होते आणि ते घेण्याचे कलम करारात असते. त्यानंतर मूळ दंडाच्या नोटिसा एकामागून एक टपालाने आल्या. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्याने 360 दिवसांची मुदत दिलेली आहे, त्यामुळे प्रवास विस्मरणात गेल्यावरही त्या येऊ शकतात. एका प्रवेशाचा दंड 80 युरोंच्या वर आणि त्यावर टपाल व प्रक्रियेचा खर्च. सगळा मिळून आकडा आमच्या तिथल्या राहण्याच्या खर्चाहून मोठा झाला.

आम्ही सिएनाच्या संबंधित कार्यालयाला ईमेल करून त्या कागदाचे छायाचित्र पाठवले. आमच्या नंबरासाठी त्या तारखांना कोणीही परवानगी मागितलेली नव्हती, असे त्यांनी सभ्यपणे कळवले. व्यवस्थापकाचा फोन बंद होता, घराची जाहिरात काढून टाकलेली होती, आणि रोखीचा व्यवहार आपल्यामार्फत झालेला नाही एवढेच संकेतस्थळाने सांगितले. त्या व्यवस्थापकाने आमचे पासपोर्ट कधी मागितलेच नव्हते, याचा अर्थ तेव्हा कुठे उलगडला. इटलीत घरमालकाला पाहुण्यांची माहिती 24 तासांत पोलिसांकडे नोंदवावी लागते, आणि ज्याला ते घरच नोंदीत दाखवायचे नव्हते, तो परवान्यासाठी नगरपालिकेच्या दारात कसा जाणार होता? एका वृद्ध बाईच्या गुडघ्यांची अडचण ऐकून त्याने हा सौदा रचला, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून ज्यांना असे घर घ्यायचे आहे त्यांनी जाहिरातीत ‘सीआयएन’ हा राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे का ते पाहावे. 2025पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या जाहिरातीत तो देणे बंधनकारक आहे आणि तो इमारतीच्या बाहेरही लावावा लागतो. परवाना काढून देतो असे कोणी म्हटले तर त्याच्याकडून कागद न घेता, नंबर नोंदवल्याची कार्यालयाची पोच मागावी आणि ती हाती येईपर्यंत गाडी वेशीबाहेरच ठेवावी. सिएनामध्ये सांता कातेरिना वाहनतळापासून वर गावात सरकते जिने जातात. ओर्व्हिएतो या दुसऱ्या एका टेकडीवरच्या गावीही रेल्वे स्थानकाजवळून वर नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी, आहे. सिएनात सासूबाईंना चढ चुकवण्यासाठी ते जिने पुरेसे झाले असते.

नोटीस आधीच आली असेल तर ती हाती आल्याची तारीख लिहून ठेवावी. त्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत भरल्यास मूळ दंडात 30 टक्के सूट मिळते. हरकत घ्यायची असल्यास ‘प्रेफेत्तो’ या जिल्हा अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत विनाशुल्क अर्ज करता येतो, परंतु अर्ज फेटाळला गेला तर रक्कम वाढते, शिवाय पैसे भरून टाकल्यावर हरकत घेता येत नाही. पैसे भरताना केवळ नोटिशीत छापलेल्या मार्गानेच भरावेत, कारण दंडाच्या नावाने खोटे दुवे पाठवणारेही आता पुष्कळ झाले आहेत. आम्ही व्हॉट्सॲपवरचे सर्व संदेश, तो कागद आणि बँकेची विवरणपत्रे जोडून अर्ज केला आहे आणि त्या गृहस्थाविरुद्ध इटलीच्या पोलिसांकडे लेखी तक्रारही पाठवली आहे. निर्णय अजून यायचा आहे.