हरारेची म्बिरा: खरखरते म्हणून दुरुस्त करू नका

भाचा हरारेहून येताना माझ्यासाठी म्बिरा हे झिम्बाब्वेचं वाद्य घेऊन आला. जाड लाकडी पाटावर 24 लोखंडी पट्ट्या, आणि पाट बसवायला अर्धा कापलेला भोपळा. नारायण पेठेतल्या घरी पहिल्यांदा छेडली, तर प्रत्येक सुरामागे डबीत माशी अडकल्यासारखी खरखर. भोपळ्याच्या कडेला बाटल्यांची पत्र्याची बुचं ओवली होती, त्यांचा हा उद्योग. मी शहाणा, पक्कड आणून सगळी उपटली. आवाज स्वच्छ झाला, पण त्यातला जीव गेला.

दोन दिवसांनी तंबोऱ्याच्या तारेखाली, तिला झंकार देणारा जवारीचा दोरा सरकवताना स्वतःचीच लाज वाटली. दोरा काढला की तंबोराही असाच ठोकळ्यासारखा बोलतो. मग पानटपरीवरून नवी बुचं मागून आणली.

झिम्बाब्वेच्या शोना लोकांत हिचं पूर्ण नाव ‘म्बिरा झावाझिमू’, म्हणजे पूर्वजांची म्बिरा. ‘बिरा’ हा त्यांचा रात्रभराचा विधी. त्यात ही वाजते, जोडीला ‘होशो’ नावाचे खुळखुळे, आणि ठरलेल्या माणसाच्या अंगात पूर्वज येतो. सगळ्यांच्या वर म्वारी हा देव, पण त्याच्याकडे गाऱ्हाणं जातं ते पूर्वजांमार्फत. गोंधळ पाहिलेल्याला यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपण वर्षश्राद्ध घालून माणसाला पुढे धाडतो. ते साधारण वर्षाने ‘कुरोवा गुवा’ करून त्याला घरी परत आणतात. आईचं वर्षश्राद्ध नुकतंच झालंय, म्हणून असेल, हे वाचून मी वाद्य खाली ठेवलं ते त्या दिवशी पुन्हा उचललं नाही.

मिशनऱ्यांनी एके काळी हिला नाकं मुरडली. 2020 साली युनेस्कोने मलावी आणि झिम्बाब्वेची ही कला वारसा म्हणून नोंदवली.

आता तक्रारी. उजवी करंगळी पाटाच्या भोकात अडकवून दोन अंगठे आणि उजवी तर्जनी चालवायची. तर्जनी पट्टी खालून वर उचलते, ती पहिले पंधरा दिवस सोलवटते. मोबाइलवरचं ट्यूनर विसरा, यांचे सूर आपल्या पेटीत बसत नाहीत. पट्ट्या पावसाळ्यात गंजतात, खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागतं. अर्धा तारा त्यापायी कापला, पाच ताऱ्यांपैकी साडेचार दिले.

काल शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, “अहो, काहीतरी सैल झालंय वाटतं त्यात.”

“हो, सैलच ठेवलंय,” म्हटलं.