सीएफए फ्रँक: सेनेगलच्या खिशातलं चलन, पॅरिसची हमी

सीएफए फ्रँक हे पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचं चलन. त्याची 10,000 ची नोट हातात घेतली की करवतमाशाचं चिन्ह दिसतं आणि क्रमांकाशेजारी रोमन ‘के’. म्हणजे नोट सेनेगलच्या वाट्याची. काढणारी मध्यवर्ती बँक राजधानी डाकारची, छापखाना मात्र फ्रान्समधल्या शामालिएरचा.

वापरायला चलन चांगलंच आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. 1999 पासून 1 युरोला 655.957 सीएफए, त्यात दशांशाचाही फरक नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांत हीच नोट चालते, त्यामुळे डाकारचा व्यापारी मालीतल्या बामाकोला माल नेताना चलन बदलत बसत नाही. महागाई घाना-नायजेरियापेक्षा आटोक्यात. नावावर मात्र जाऊ नका: मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांचा सीएफए भावाला तोच, पण चलन वेगळं. कॅमेरूनच्या याउंदेची नोट डाकारच्या दुकानदारापुढे टाकली तर तो परत करील. आणि सुट्ट्या पैशांची बोंब कायमची. टॅक्सीत बसण्याआधी मोठी नोट मोडून घ्यावी.

आता किंमत. भावाची हमी फ्रान्सची तिजोरी देते. त्या बदल्यात परकीय गंगाजळीतला आधी 65 आणि नंतर 50 टक्के हिस्सा पॅरिसला ठेवावा लागे, शिवाय बँकेच्या संचालक मंडळावर फ्रेंच माणसं. डिसेंबर 2019 मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष वातारा यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांसाठी या दोन्ही अटी काढायचं जाहीर केलं. युरोशी बांधलेला भाव आणि हमी तशीच राहिली. चलनाचं ‘इको’ हे ठरलेलं नवं नाव अजून नोटेवर उतरलेलं नाही.

खरी अडचण या बांधलेल्या भावातच आहे. सेनेगल विकतो त्या शेंगदाण्याचे सौदे जगात डॉलरमध्ये होतात. युरो वधारला की तेवढ्याच डॉलरचे सेनेगलला कमी सीएफए मिळतात, आणि डाकारला भाव हलवता येत नाही. तो हलला 1994 च्या जानेवारीत, तोही एका फटक्यात: 1 फ्रेंच फ्रँकला 50 चे 100 सीएफए. तांदूळ बाहेरून आणणाऱ्या देशात जेवणच महागलं. फेब्रुवारीत डाकारमध्ये दंगल पेटली, पोलीस मारले गेले.

या चलनातून बाहेर पडायचं तर? गिनीने 1960 मध्ये स्वतःचं चलन काढलं, तेव्हा फ्रेंच गुप्तचरांनी खोट्या नोटा आत सोडल्या. माली 1962 मध्ये बाहेर पडला आणि 1984 मध्ये परतला. सेनेगलचा उत्तरेकडचा शेजारी मॉरिटानिया मात्र 1973 मध्ये निघाला तो आजही स्वतःच्या उगिया या चलनावर चालतो.