टीएमएफटी ३६ बेअरिंग फिटिंग किट: मेंटेनन्सवाल्याच्या नजरेतून

एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा टीएमएफटी ३६ हा बेअरिंग बसवायचा किट आमच्या मेंटेनन्स विभागात नेहमी हाताशी असतो. मोटर, पंप, ब्लोअर यांची लहान-मध्यम बेअरिंगं हातानं बसवणाऱ्या प्रत्येकानं तो घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र किट आला म्हणजे बेअरिंगं जायची थांबली, असं धरून चालू नका. बेअरिंग मरण्याची कारणं बरीच असतात आणि हा किट त्यातल्या एकाच कारणावरचा उपाय आहे. तो उपाय मात्र चोख आहे.

पेटीत ठोक्याचा जोर बेअरिंगवर पोचवणाऱ्या ३६ रिंगा, तीन स्लीव्ह (पोकळ नळ्या) आणि एक डेड-ब्लो म्हणजे न उसळणारा हातोडा, एवढंच सामान. १० ते ५५ मिमी बोअरची (आतल्या भोकाच्या व्यासाची) बेअरिंगं यानं बसवता येतात. रिंगा आघात सोसणाऱ्या चिवट मटेरियलच्या आहेत आणि प्रत्येकीवर माप स्पष्ट लिहिलेलं आहे. बेअरिंगचा बोअर आणि बाहेरचा व्यास, दोन्हींशी जुळणारी रिंग शोधायची, ती स्लीव्हच्या तोंडावर दाबायची, ती अडकून बसते. मग हातोडा. हातोड्याची दोन्ही तोंडं नायलॉनची आहेत आणि तो मारल्यावर उसळत नाही. ही उसळी न येणं फार मोलाचं आहे, कारण साधा हातोडा उसळला की पुढचा ठोका तिरका पडतो आणि बेअरिंग तिथूनच कलायला लागतं.

प्रत्यक्ष कामाचं उदाहरण म्हणून मोटरवरचं ६३०८ नंबरचं बेअरिंग घेऊ. बोअर ४० मिमी, बाहेरचा व्यास ९०, रुंदी २३. शाफ्ट के५ या टॉलरन्समध्ये (मापातल्या ठरलेल्या सवलतीत) असेल तर तो ४० पेक्षा २ ते १३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) मोठा असतो, आणि साध्या अचूकतेच्या बेअरिंगचा बोअर ४० पेक्षा १२ मायक्रॉनपर्यंत लहान असू शकतो. म्हणजे पकड, शाफ्ट बोअरपेक्षा जितका मोठा तितकी, २ मायक्रॉनपासून २५ मायक्रॉनपर्यंत कुठेही येऊ शकते. म्हणून किट उघडण्याआधी मायक्रोमीटर काढायचा. शाफ्टची सीट, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, दोन-तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायची. सीटवर बर (धातूची उठलेली धार) असेल तर बारीक ऑइलस्टोननं काढायचा, पुसायचं, पातळ तेलाचा हात फिरवायचा. बेअरिंग सरळ टेकवायचं, त्यावर रिंग आणि स्लीव्ह, आणि पहिले दोन-तीन ठोके अगदी हलके. ते सरळ निघालंय याची खात्री नजरेनं करून घ्यायची आणि मगच जोर लावायचा. बेअरिंग सरकत असतं तोवर ठोक्याचा आवाज बद्द येतो. शाफ्टच्या खांद्याला (जाड भागाच्या पायरीला) टेकलं की आवाज एकदम बदलतो, भरीव होतो, आणि हातालाही ते कळतं. तिथे थांबायचं. त्यानंतरचा एकही ठोका कामाचा नाही.

पाइपचा तुकडा किंवा पंच वापरून हेच काम होत नाही का, असा प्रश्न नवीन मुलं हमखास विचारतात. बेअरिंग बसतं, हे खरं. पण बेअरिंगलाही स्वतःच्या दोन रिंगा असतात, आतली शाफ्टवर आणि बाहेरची हाउसिंगमध्ये बसणारी; घट्ट फिट आतल्या रिंगला असताना मार बाहेरच्या रिंगवर पडला, तर तो सगळा जोर बॉलमधून पलीकडे जातो. बॉल आणि धाव (रिंगवरची बॉल फिरायची खाच) यांचा स्पर्श इवल्याशा जागेत असतो. तिथे पोलादाचं कडकपण कितीही असलं तरी खळगा पडतो. याला ब्रिनेलिंग म्हणतात, कठिणपणाची चाचणी काढणाऱ्या स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांच्या नावावरून. खळगे बॉलच्या अंतरानं ओळीनं पडतात. ते वरून दिसत नाहीत, हातानं फिरवून कळतीलच असं नाही, मशीन चालू होतं, सगळे खूश. काही आठवड्यांनी बेअरिंग वाजायला लागतं आणि दोष ग्रीसवर ढकलला जातो. टीएमएफटीची रिंग बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही रिंगांच्या तोंडावर टेकते, त्यामुळे फिट शाफ्टवर घट्ट असो वा हाउसिंगमध्ये, जोर घट्ट रिंगवर जातो, बॉल मध्ये भरडले जात नाहीत. ही एकच गोष्ट या किटचं मोल आहे, आणि माझ्या मते पुरेशी आहे.

पंचाचा आणखी एक धोका कुणी फारसा बोलत नाही. बेअरिंगचं पोलाद इतकं कडक असतं की रिंगच्या कडेला लोखंडी मार बसला तर टवका उडतो. तो डोळ्यात जाऊ शकतो किंवा बेअरिंगमध्ये पडून बॉलखाली चिरडला जातो. दोन्ही वाईटच.

आता मर्यादा. ५५ मिमी बोअर म्हणजे खोल खाचेच्या बेअरिंगांमध्ये ६३११ पर्यंत. त्याच्या वर गेलं की हातोड्याचा नाद सोडायचा आणि इंडक्शन हीटर (चुंबकीय क्षेत्रानं बेअरिंग तापवणारं यंत्र) घ्यायचा. खरं तर पकड जास्त असेल तर लहान मापालाही मी गरम करूनच बसवणं पसंत करतो. हिशेब सोपा आहे. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ७० मिमी बोअरचं बेअरिंग खोलीच्या तापमानापेक्षा ८० अंश जास्त तापवलं तर बोअर जवळपास ६७ मायक्रॉननं मोठा होतो, आणि बेअरिंग हातानं सरकवता येतं. ११० अंशांच्या आसपास काम होतं. १२५ च्या वर न्यायचं नाही. सील किंवा शील्डवालं, आत ग्रीस भरलेलं बेअरिंग असेल तर ८० अंशांवरच थांबायचं. गॅसच्या ज्योतीनं तापवणं म्हणजे बेअरिंगची माती करणं: एका जागी पोलाद नरम पडतं आणि वरून काहीच दिसत नाही. हीटर वापरल्यावर बेअरिंगमधलं चुंबकत्व काढलंय ना, हे पाहा, नाहीतर लोखंडाचा बारीक चुरा आत चिकटून राहतो. गरम बेअरिंग खांद्याला टेकवून ते पकड घेईपर्यंत दाबून धरायचं. थंड होताना ते रुंदीतही आकसतं, आणि धरलं नाही तर खांद्यापाशी फट राहते.

काढण्याच्या कामाला हा किट नाही. तिथे पुलर म्हणजे नखांनी धरून बेअरिंग ओढून काढणारं अवजारच लागतं, आणि त्याची नखं घट्ट रिंगला लागली पाहिजेत. जागा नसल्यामुळे बाहेरची रिंग धरून ओढून काढलेलं बेअरिंग पुन्हा बसवू नका, दिसायला कितीही नवं असलं तरी.

मग बाकीची बेअरिंगं कशानं जातात? एसकेएफच्याच साहित्यात अकाली निकामी होणाऱ्या बेअरिंगांची ढोबळ वाटणी दिलेली आहे: सुमारे ३६ टक्के वंगणाच्या चुका, ३४ टक्के थकवा, १६ टक्के चुकीची बसवणी, १४ टक्के घाण. म्हणजे किट कितीही चांगला वापरला तरी तो त्या १६ टक्क्यांतच काम करतो.

वंगणाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण इथे लोक प्रेमापोटी नुकसान करतात. ग्रीस जास्त म्हणजे बेअरिंग सुरक्षित, हा समज घट्ट रुजला आहे. प्रत्यक्षात ठासून भरलेलं ग्रीस घुसळलं जातं, तापतं, त्यातलं तेल सुटतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. पुन्हा ग्रीस भरताना किती घालायचं, याचं सूत्र साधं आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिमीमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. वरच्या ६३०८ ला ९० गुणिले २३ गुणिले ०.००५, म्हणजे साधारण १० ग्रॅम. तुमची ग्रीस गन एका दाबात किती ग्रॅम टाकते हे माहीत आहे का? दहा दाब कागदावर मारून तराजूवर ठेवा, लगेच कळेल, आणि तो आकडा गनवरच रंगानं लिहून ठेवा. दुसरी गोष्ट, मोटरमध्ये पुष्कळदा पॉलियुरियाचं ग्रीस असतं. त्यावर हाताला आलं ते लिथियमचं ग्रीस मारलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. रंग सारखा दिसला म्हणून ग्रीस एक होत नाही.

घाणीबद्दल थोडक्यात. बेअरिंगचं वेष्टन बसवण्याच्या क्षणीच फोडा. आतलं गंजरोधक तेल धुऊ नका. एअर गननं बेअरिंग गरगर फिरवू नका: कोरडे बॉल घसरतात, धावेवर ओरखडे येतात, आणि केज (बॉल अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा) सुटून अंगावर येऊ शकतं. किटच्या पेटीलाही हेच लागू. रिंगांच्या कप्प्यात ग्राइंडिंगचा चुरा साचू दिलात, तर तो पुढच्या बेअरिंगच्या तोंडावर तुम्हीच नेऊन ठेवता.

व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालणाऱ्या मोटरचं बेअरिंग वारंवार जात असेल तर फिटरला दोष देण्याआधी ते कापून पाहा. धावेवर आडव्या, एकसारख्या, राखाडी पट्ट्या दिसल्या आणि ग्रीस काळं पडलेलं असेल, तर शाफ्टमधून वीज बेअरिंगमार्गे जमिनीत जातेय. तिथे कितीही निगुतीनं बसवलेलं बेअरिंग टिकणार नाही. इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला ग्राउंडिंग ब्रश, आणि केबलचं अर्थिंग नीट करणं, हाच मार्ग.

असाच घोटाळा स्टँडबाय पंपात होतो. पंप बंद, पण शेजारच्या पंपाची थरथर फाउंडेशनमधून येत राहते, आणि बॉल जिथे थांबलेत तिथेच धाव झिजते. खळगे पुन्हा बॉलच्याच अंतरानं, म्हणून लोक म्हणतात, ठोकून बसवलंय. भिंगाखाली फरक कळतो. ठोकल्यानं पडलेल्या खळग्याच्या तळाशी ग्राइंडिंगच्या रेषा शाबूत असतात; थरथरीनं झालेल्यात त्या झिजून गेलेल्या असतात आणि तांबूस-तपकिरी भुकटी सापडते. उपाय म्हणजे स्टँडबाय मशीनचा शाफ्ट ठरावीक काळानं थोडा फिरवणं, शक्य असेल तर आळीपाळीनं पंप चालवणं.

म्हणूनच काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी मी कापतो, धुतो आणि बॉल फिरून धावेवर उमटलेली वाट तपासतो. वाट मध्यावर सरळ असेल तर ठीक. बाहेरच्या रिंगवर ती एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तिरकी जात असेल तर अलाइनमेंट चुकलंय. वाट एका कडेला सरकलेली असेल तर अक्षाच्या दिशेनं जास्त भार येतोय, कपलिंगची फट पाहा. आयएसओ १५२४३ या मानकात बिघाडांचे सहा मुख्य गट केले आहेत: थकवा, झीज, गंज, विजेमुळे होणारी झीज, कायमचा आकारबदल आणि तडे-तुटणं. ते नुसतं वाचून ठेवलं तरी बेअरिंग हातात घेतल्यावर काय शोधायचं ते कळतं.

खरेदीबद्दल शेवटचं. तुमच्याकडची मशीनं बघून बेअरिंगांचे नंबर आधी लिहून काढा. बहुतेक ६२०४ ते ६३११ मध्ये असतील तर टीएमएफटी ३६ बिनधास्त घ्या. बरीचशी ६३१२ च्या वर असतील, किंवा टेपर (निमुळत्या) बोअरची स्फेरिकल रोलर असतील, तर आधी हीटर आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) घ्या; किट नंतर. आणि किट घेतलाच तर तो एका माणसाच्या ताब्यात द्या. छोट्या मापाच्या रिंगा बाकावरून सहज घरंगळतात, आणि नेमकी ६२०५ ची रिंग नसली की पाइपचा तुकडा शोधायला वेळ लागत नाही.