‘सूज गेली की गोळी गेली’ : इंदूरमधील एका थायरॉईड शिबिराचा अनुभव

रामबाग, लोकमान्य नगर या भागांतील मराठी कुटुंबांमध्ये ‘थायरॉईडमुक्ती शिबिरा’ची निमंत्रणे हळदीकुंकवापासून भजनी मंडळापर्यंत सर्वत्र पोहोचतात. अशाच एका शिबिरात माझी रीतसर फसवणूक झाली. पैसे गेले, शिवाय प्रकृतीही बिघडली. शिबिरात सांगितलेले सगळेच खोटे असते तर ते तिथल्या तिथे लक्षात आले असते; अडचण अशी की त्यातले बरेचसे खरे होते.

थायरॉईड ग्रंथी मंदावली की यकृताची रक्तातील एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल उचलण्याची क्षमता कमी होते आणि ते वाढते. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून तयार होणारे नायट्रिक ऑक्साईडही घटते, त्यामुळे वाहिन्या पुरेशा सैलावत नाहीत आणि रक्तदाबाचा खालचा आकडा चढतो. काही रुग्णांत सीआरपी हा दाह दर्शवणारा घटकही थोडा वाढलेला आढळतो. जपानी वैद्य हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात तर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते आणि तिथे दाह होतो. शिबिरातील व्याख्यात्याने हे सारे चित्रांसह आणि अस्खलित मराठीत समजावले. पुढची उडी मात्र त्याची स्वतःची होती : “काकू, सूज गेली की गोळी गेली.” सीआरपी उतरला म्हणून निकामी झालेली ग्रंथी संप्रेरक बनवू लागत नाही, आणि सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच न बनणारे संप्रेरक असते, हे त्याने अर्थातच सांगितले नाही.

त्यानंतर ‘नसांची तपासणी’ झाली. संगणकाला जोडलेली, लाटण्याएवढी पितळी दांडी मुठीत धरायची आणि मिनिटभर स्वस्थ बसायचे. रक्ताचा थेंबही न घेता रंगीत पट्ट्यांचा अहवाल छापून बाहेर आला. त्यात ‘धमन्यांची लवचिकता’ आणि ‘थायरॉईड निर्देशांक’ दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत दिलेले होते. माझ्या जाऊबाईंचे वय भरताना तेथील मुलीने चूक केली, म्हणून ती दुरुस्त करून दांडी पुन्हा धरायला लावली, तेव्हा त्यांच्या धमन्या पाच मिनिटांत बऱ्याच कडक झाल्या. यंत्र काय मोजत होते हे त्यावरून समजावे : भरलेले वय आणि वजन, दुसरे काही नाही.

चूर्णाचे डबे आणि ‘केसांसाठी मोफत’ कॅप्सूल असा संच अठरा हजार रुपयांना देण्यात आला आणि गोळी बंद करायला सांगण्यात आले. दोन आठवड्यांनी फोन आला, “बघा, गोळीवाचून काही बिघडलं का?” खरोखरच काही बिघडले नव्हते. लेव्होथायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही आठवडे माणसाला विशेष फरक जाणवत नाही, आणि नेमका हाच काळ चूर्णाच्या खात्यावर जमा केला जातो.

दुसरा डाव अधिक कसबी होता. त्यांच्याच माणसाने सकाळी घरी येऊन रक्त नेले आणि अहवालात टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) अगदी सामान्य आले. प्रयोगशाळेने लबाडी केली असे मी म्हणणार नाही; लबाडी त्या कॅप्सूलमध्ये होती. वेष्टनावर बारीक अक्षरांत १० मिलिग्रॅम बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) लिहिलेले होते. दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे हे प्रमाण किमान अडीचशे पट झाले. टीएसएच मोजण्याच्या अनेक पद्धतींत बायोटिन हेच रसायन चाचणीचा भाग असते, आणि रक्तात ते भरपूर असले की टीएसएच खोटे कमी व टी-४ (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) खोटे जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्येच याविषयी जाहीर इशारा दिला होता. त्या अहवालाच्या बळावर मला दुसरा संच विकण्यात आला.

पुढे चेहरा सुजू लागला, बद्धकोष्ठ वाढले, आवाज घोगरा झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तेव्हा खालचा आकडा शंभराला टेकला होता; कोलेस्टेरॉलही चढलेले होते. “केसांसाठी काही घेता का?” हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. कॅप्सूल काही दिवस बंद ठेवून त्यांनी तपासणी पुन्हा करवली आणि टीएसएच खऱ्या स्वरूपात, म्हणजे कित्येक पटींनी वाढलेले दिसले. ज्या रक्तवाहिन्यांच्या काळजीने गोळी सोडायला लावली होती, त्यांच्यावरचा ताण गोळी सोडल्यानेच वाढला होता.

शिबिरवाल्यांना जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले की आम्ही औषध विकतच नाही, हे खाद्य आहे. डब्यावर अन्न परवान्याचा क्रमांक होता, पण खाद्यपदार्थाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्याच्या यादीत तर धमनीकाठिण्य, गलगंड आणि हृदयविकार यांची नावे आहेत. त्यांवर उपचाराची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. म्हणून निमंत्रणपत्रिका, पावती, कॅप्सूलचे वेष्टन आणि दोन्ही अहवाल जपून ठेवावेत; मी ते ठेवले होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवल्यावर दुसऱ्या संचाचे पैसे परत मिळाले. पहिल्या संचाबाबतची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, आणि जाऊबाईंनीही आपला तो दोन वयांचा अहवाल तिला जोडला आहे.